दोन क्रमांकांची मुलगी

पत्राचे तिसरे पान उलटले आणि अरुंधतीचा हात जागच्या जागी थांबला. करकार्यालयाचे, इथल्या भाषेत फिनान्सआम्टचे, ते वार्षिक पत्र होते. जुलै महिन्यातील एका स्वच्छ, निःशब्द सकाळी ते पत्रपेटीत येऊन पडले होते आणि चहाचा पेला बाजूला सारून ती ते खिडकीपाशी उभ्यानेच वाचत होती. पहिल्या पानावर परत मिळणारी रक्कम होती. ती अपेक्षेपेक्षा बरीच अधिक होती. अनपेक्षित लाभाने माणसाला प्रथम भयच वाटते, तसे तिला वाटले, आणि त्या भयाचे मूळ शोधीत ती तिसऱ्या पानापर्यंत आली होती. तेथे, मुलांसाठी पालकांना मिळणाऱ्या सवलतीच्या रकान्यात, एकाखाली एक अशी दोन नावे होती. मैत्रेयी. आणि तिच्या वर, घरातील थोरली असावी तशी, उर्जा. दोघींची जन्मतारीख एकच. दोघींपुढे अकरा आकड्यांचा एकेक करक्रमांक, आणि तो मात्र निरनिराळा. घरात मुलगी एकच होती.

ती मुलगी शेजारच्या खोलीत खेळत होती. शाळा सुरू व्हायला अजून महिना होता, बालवाडी संपली होती, आणि या मधल्या रिकाम्या दिवसांत साडेसहा वर्षांचे ते पोर सकाळपासून स्वतःच्याच नादात असे. जर्मनीतल्या वोल्फ्सबुर्गच्या डेटमेरोडे भागात, पाइन वृक्षांच्या रानाला लागून असलेल्या या उंच इमारतीत, दिवसा इतकी शांतता असते की खालच्या मजल्यावर कोणी कप बशीत ठेवला तरी कानावर यावा. म्हणूनच अरुंधतीला ते ऐकू आले. दाराआडून बोलणे येत होते, आणि ते मराठी होते. "बस की इथं. काय बघायलीस तिकडं? तुला नको का? मग मी ठेवते झाकून, मागून खा." मध्ये क्षणभर थांबणे, जणू समोरच्याचे उत्तर ऐकून घेतले, मग दबलेले हसू. अरुंधतीने पत्र खाली ठेवले आणि कान दिला. कारण मैत्रेयी मराठी बोलत नसे. तिला समजे सर्व. पण गेले सव्वा वर्ष तिने आईवडिलांच्या प्रत्येक मराठी वाक्याला जर्मनमध्येच उत्तर दिले होते. आणि हे मराठी या घरातलेही नव्हते. ते परभणीकडचे होते. तिला जेथून आणले होते तेथले.

तिने दार उघडले. बुटक्या मेजाशी मुलगी एकटीच बसली होती. समोर दोन खेळण्यातल्या बशा. एकीवर द्राक्षे, दुसरीवरही द्राक्षे, आणि त्या दुसरीवर एक तिसरी बशी पालथी झाकलेली.

"कोणाशी बोलत होतीस, बाळा?"

"नीमांट," मुलगी म्हणाली. कोणीही नाही. आणि डोळे वर न करता स्वतःच्या बशीतले द्राक्ष तिने तोंडात टाकले.

संस्थेच्या त्या दुपारची आठवण अरुंधतीला वारंवार येत असे, परंतु त्या दिवशी ती आठवण आली नाही. आठवणीच्या आत कोणी तरी तिला ओढून नेले. परभणीजवळचे ते बैठे कौलारू घर, शेणाने सारवलेले अंगण, तारेवर वाळत घातलेली एकाच छिटाची नऊ झबली. सहा वर्षे वाट पाहून, समित्यांच्या मुलाखती देऊन, शेकडो कागदांवर शिक्के घेऊन ती आणि तिचा नवरा पद्माकर तेथे पोहोचले होते. सांभाळणाऱ्या बाईंनी हाक मारली होती, "उर्जे, ये गं, तुझी आई आली." आणि साडेतीन वर्षांची एक मुलगी तारेखालून वाकून बाहेर आली होती. हे नाव कोणी ठेवले, असे अरुंधतीने विचारले तेव्हा बाई म्हणाल्या, "आणून ठेवली त्या राती लाइट गेली व्हती. ही आली आन् लाइट आली. मी म्हनलं, उर्जाच म्हना हिला." ज्या बाईने ते नाव दिले तिचे स्वतःचे नाव अरुंधतीने विचारलेच नाही, ही खंत पुढे तिच्या मनात एखाद्या बारीक काट्यासारखी राहिली. त्याच नावाने दत्तकाचा आदेश झाला, त्याच नावाने पारपत्र झाले, आणि त्याच नावाने वोल्फ्सबुर्गात आल्यावर सहा आठवड्यांनी त्या लहानग्या जीवाला शासनाचे पहिले पत्र आले होते. हा आपला करक्रमांक. तो आजन्म आपल्यासोबत राहील. पद्माकरने ते पत्र मुलीला वाचून दाखवले होते आणि म्हणाला होता, "घ्या बाईसाहेब, चढता धड येत नाही जिना, पण कर भरायला तयार!" त्याच वर्षी त्याने दत्तकाचा सर्व खर्च, विमानभाडे, भाषांतरे, वकील, करातून वजा मिळावा म्हणून अर्ज केला होता आणि तो नम्रपणे नाकारला गेला होता. दत्तक घेणे हा आपला स्वेच्छेचा निर्णय आहे. तो अपरिहार्य नव्हता. अरुंधतीने ते वाक्य तीनदा वाचले होते. अपरिहार्य नव्हता. तिच्या मते त्या तारेखालून ते पोर वाकून बाहेर आले त्या क्षणापासून जगात दुसरे काहीही शक्य उरले नव्हते. पण हे कोणत्या रकान्यात लिहावे?

मग गेल्या वर्षीचा मे महिना. इथल्या न्यायालयाने दत्तकाला मान्यता दिली, आणि सासूसासरे पुण्याहून आले. अण्णा, तिचे सासरे, आयुष्यभर वेदपाठशाळेत शिकवलेले. त्यांची वाणी मृदू होती, परंतु तिच्या मृदुतेपुढे कोणाला बोलता येत नसे. "अरुंधती," ते म्हणाले होते, "जीव नव्या कुळात आला की नामही नवे घ्यावे. नाम म्हणजे देहाचा उंबरठा. जुन्या उंबरठ्यावर उभे राहून नव्या घरात प्रवेश होत नाही." तिला त्या वाक्यातील सौंदर्य दिसले होते, आणि त्या सौंदर्याआडून काही तरी निसटून चालले आहे असेही वाटले होते. तिने मान डोलावली. न्यायालयाच्या त्याच आदेशात, अण्णांनी आधीच पत्राने कळवल्याप्रमाणे, नवे नाव घालून घेतले होतेच. आता विधी तेवढा राहिला होता. चांदीच्या ताटात तांदूळ पसरले, पद्माकरने बोटातल्या सोन्याच्या अंगठीने त्या तांदळांवर 'मैत्रेयी' असे लिहिले, आणि आईंनी, तिच्या सासूबाईंनी, मुलीच्या कानात ते नाव सांगितले. पाच वर्षांची मुलगी ताटाकडे बराच वेळ पाहत राहिली. मग तिने विचारले, "आन् मग उर्जा कुठं जानार?"

सगळे हसले. आई तर डोळ्यांना पदर लावून हसल्या. आणि पद्माकरने, ज्याला प्रत्येक गंभीर प्रसंगी विनोद सुचतो, म्हटले, "जाईल कुठं? राहील की इथंच. खोली मोठी आहे तुझी. दोघी मिळून राहा."

मुलीने गंभीरपणे मान हलवली होती. त्या दिवसानंतर ती मराठीत बोलली नाही. बालवाडीच्या बाई म्हणाल्या, जर्मन आता पक्की होते आहे, आनंदाची गोष्ट आहे. आणि सर्वांनी आनंद मानला.

मुलगी जेव्हा त्या ताटाकडे पाहत होती तेव्हा अरुंधतीही पाहत होती. परंतु तिला दिसत होते ते दुसरे ताट, पंधरा वर्षांपूर्वीचे. त्यातही तांदूळच होते, आणि त्यावरही याच अंगठीने लिहिले गेले होते. लग्नाच्या दिवशी सकाळपर्यंत ती शमिका होती. सव्वीस वर्षे ती शमिका होती. शाळेच्या हजेरीपटात, आईच्या रागात, मैत्रिणींच्या पत्रांत. अण्णांनी नाव सुचवले होते, आणि ते सुचवताना अत्यंत आदराने सुचवले होते: अरुंधती, सप्तर्षींच्या मंडळात वसिष्ठांच्या शेजारी अढळ असणारी. मग विधीप्रमाणे वधूला अरुंधतीदर्शन घडवायचे म्हणून भर दुपारी, मे महिन्याच्या रणरणत्या उन्हात, तिला मांडवाबाहेर आणून उत्तरेकडे बोट दाखवण्यात आले. सूक्ष्म तारका एकदम दिसत नाही. म्हणून आधी जवळची ठळक तारका दाखवावी, आणि मग दृष्टी हळूच तिच्याकडे न्यावी, असे अण्णा समजावून सांगत होते. वर फक्त पांढरेफटक, तापलेले आकाश होते. "दिसली का?" गुरुजींनी विचारले. शेजारी उभा असलेला पद्माकर ओठ न हलवता पुटपुटला, "हो म्हण, नाही तर पंगत लांबेल." आणि ती म्हणाली होती, "दिसली." नव्या नावाने उच्चारलेला तो पहिला शब्द, आणि तो असत्य होता. पुढे कित्येक वर्षे तिला अधूनमधून वाटे की त्या मांडवाबाहेर, उन्हात, कोणी तरी अजून आकाशाकडे मान वर करून उभे आहे. सगळे जेवायला निघून गेले, आणि तिला बोलवायचे राहून गेले.

पद्माकर संध्याकाळी कारखान्यातून आला. कालव्यापलीकडच्या त्या प्रचंड मोटारींच्या कारखान्यात तो ब्रेकच्या चाचण्या घेई, आणि त्या व्यवसायाने त्याला प्रत्येक गोष्टीत आधी बिघाड पाहायची सवय लावली होती. जुलैतल्या संध्याकाळी येथे दुपारसारखाच उजेड असतो. त्या उजेडात त्याने तिसरे पान दोनदा वाचले.

"आल्झो, म्हणजे असं," तो म्हणाला. "अगं, दोन फॉर्म कसे गेले पण?"

"मी भरले. तुम्ही मार्चमध्ये पुण्याच्या प्लँटला होतात ना."

"ते ठाऊक आहे. पण दोन का?"

ती सांगू लागली, आणि सांगता सांगता तिचे तिलाच ते नवे वाटू लागले. न्यायालयाच्या निकालानंतर मैत्रेयीच्या नावाने दुसरे पत्र, दुसरा क्रमांक आला होता. एका क्रमांकाला एक पुरवणी अर्ज, असे सूचनापत्रात होते. क्रमांक दोन होते. तहसील कचेरीत, पारपत्र कार्यालयात, बँकेत जन्मभर शिकलेला धडा एकच होता: कागद कमी पडू देऊ नये. जे जे आपल्याजवळ आहे ते ते जोडावे. नको असेल ते साहेब बाजूला काढतील. म्हणून तिने दोन अर्ज भरले आणि दोन्ही जोडले.

"इथं साहेब काही बाजूला काढत नाहीत," पद्माकर म्हणाला. "इथं तुम्ही द्याल ते खरं धरतात. देवासारखे आहेत ते. आता हे लोक म्हणतील, दत्तक मुलीच्या नावावर सवलत लाटली." त्याचा आवाज खाली आला. "न्यायालयानं मान्यता देऊन वर्षच झालंय, अरुंधती. युगेंडआम्टच्या, बालकल्याण खात्याच्या, बाई अजून वर्षातून एकदा येतात. मी पैशाला घाबरत नाही. आपण खोटं बोलणारे पालक, असं कुठं एकदा लिहिलं गेलं तर?"

त्याचे भय खरे होते, आणि तिलाही ते स्पर्शून गेले. त्याने त्याच रात्री नव्हे, परंतु दुसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी, संगणकावर एक निवेदन तयार केले, छापले, आणि खाली स्वाक्षरी केली. जर्मन भाषेतील दोन वाक्ये: वरील क्रमांकाचे, उर्जा नावाचे मूल आमच्या कुटुंबात राहत नाही. सदर नोंद रद्द करावी. अर्ज संयुक्त असल्यामुळे दुसऱ्या ओळीवर अरुंधतीची स्वाक्षरी हवी होती. तिने लेखणी उचलली आणि ठेवून दिली. "सोमवारी करते," ती म्हणाली. पद्माकरने तिच्याकडे पाहिले. "गेनाऊ, बरोबर, सोमवारी. पण कर."

त्या दोन दिवसांत तिला असे अनेक लहानसहान प्रकार दिसले, जे कदाचित वर्षभर घडत होते आणि ज्यांच्याकडे तिने पाहिले नव्हते. मुलगी पलंगावर नेहमी भिंतीकडची बाजू रिकामी सोडून निजे. दात घासताना नळ बंद करण्यापूर्वी क्षणभर बाजूला सरे, कोणाला तरी चूळ भरू द्यावी तशी. उद्वाहकात शिरताना दार धरून ठेवी, आणि दोन श्वासांनी सोडी. हे सर्व इतके सहज होते की त्यात भिण्यासारखे काही नव्हते. आणि म्हणूनच अरुंधती भ्याली. रविवारी दुपारी, शाळेच्या पहिल्या दिवशी मुलांना देतात तो खाऊने भरलेला रंगीत कागदी शंकू, शुलट्युटे, आणण्याचे बोलणे निघाले. मुलगी शांतपणे जर्मनमध्ये म्हणाली, "दोन लागतील."

"दोन कशाला?" पद्माकर म्हणाला. "एकात दोन किलो चॉकलेट मावतं. दात ठेवायचेत ना शिल्लक?"

"बाबा, दोन. तू म्हणाला होतास."

"मी? कधी?"

मुलीने त्याच्याकडे पाहिले. त्या दृष्टीत राग नव्हता. मोठ्या माणसांना आठवत नाही, हे ज्याला आधीच ठाऊक आहे अशा जीवाची ती दृष्टी होती. पद्माकर हसला, आणि अर्ध्यावर त्याचे हसू थांबले. त्या क्षणी अरुंधतीला उमगले की त्याच्या स्वाक्षरीशेजारची रिकामी ओळ केवळ करकार्यालयाची नाही. त्या ओळीवर तिने नाव लिहिले की भिंतीकडची बाजू खरोखरच रिकामी होईल. आणि मग या मुलीत जे उरेल ते कोण असेल? नवे नाव घेऊन जर्मन बोलणारे, कोणालाच काही न विचारणारे, सर्व प्रसंगी "दिसली" असे म्हणणारे एक शहाणे मूल. तसे मूल तिने पाहिलेले होते. तिने त्याचा संसार पंधरा वर्षे केला होता.

सोमवारी ती मुलीला घेऊन कार्यालयात गेली. लांब, स्वच्छ मार्गिका, भिंतीशी बाके, मेण लावलेल्या फरशीचा वास. मुलगी बाकाच्या एका टोकाला बसली. काठी टेकीत आलेले एक वृद्ध गृहस्थ तिच्या शेजारी बसू लागले, तेव्हा तिने विनयाने तळहात त्या जागेवर ठेवला. "बेझेट्स्ट," ती म्हणाली. जागा घेतलेली आहे. वृद्धाने त्या रिकाम्या जागेकडे पाहिले, टोपी किंचित उचलली, आणि दुसऱ्या बाकावर जाऊन बसला. ती टोपी त्याने मुलीसाठी उचलली नव्हती, असे अरुंधतीला वाटले.

आत फ्राउ लिंडनर नावाच्या, पन्नाशी उलटलेल्या, गळ्यात चष्मा अडकवलेल्या अधिकारी बाई होत्या. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. दत्तकाच्या बाबतीत असे होते, त्या म्हणाल्या. नवे नाव झाले की मुलाला नवा क्रमांक दिला जातो, आणि जुना निजवून ठेवतात. "हेतू असा की कोणालाही एका क्रमांकावरून दुसऱ्यापर्यंत चालत जाता येऊ नये. मुलाच्या संरक्षणासाठी." आपल्या प्रकरणात जुना क्रमांक निजण्यापूर्वीच अर्ज आला असावा. "आपण दोन्ही क्रमांक एकाच टपालाने पाठवले. असं कोणी करत नाही," आणि त्या किंचित हसल्या. मग त्यांनी संगणकाचा पडदा अरुंधतीकडे वळवला. "ही दोन्ही पृष्ठे आपण भरलीत, एवढंच खात्रीनं सांगा."

पडद्यावर दोन अर्जांच्या प्रतिमा शेजारी शेजारी होत्या. मैत्रेयीचा अर्ज तिच्या नेहमीच्या, उजवीकडे झुकलेल्या, घाईच्या अक्षरात होता. उर्जाच्या अर्जातील अक्षर उभे होते. गोल, सुटे, प्रत्येक अक्षराला पुरेशी जागा देणारे. आडव्या रेघा किंचित वर उचललेल्या. अरुंधती पाहत राहिली. ते अक्षर तिचेच होते, यात शंका नव्हती. परंतु लग्नानंतर तिने त्या वळणात एक ओळही लिहिलेली नव्हती. सांगलीच्या शाळेत सुवाच्य अक्षराचे बक्षीस मिळाले होते ते या अक्षराला. मार्चमधील ती दुपार तिने आठवून पाहिली: मेज, खिडकी, बाहेर विरघळणारे बर्फ. एक अर्ज भरल्याचे तिला स्वच्छ आठवत होते. दुसरा भरल्याचे तिला ठाऊक होते, पण आठवत नव्हते, हे आता इतक्या उशिरा तिला कळत होते.

"आपलंच अक्षर आहे ना?" फ्राउ लिंडनर यांनी विचारले.

"हो," ती म्हणाली. "आमचंच."

तिने पिशवीतून पद्माकरचे निवेदन काढले आणि मेजावर ठेवले. बाईंनी चष्मा चढवून ते वाचले, आणि रिकाम्या ओळीवर बोट ठेवले. येथे. अरुंधतीने लेखणी हातात घेतली. बंद दारातून, मार्गिकेतून, अगदी पुसट असा मुलीचा आवाज येत होता. कोणाला तरी ती काही समजावीत होती. आणि तिला अकस्मात असे वाटले की आपण स्वाक्षरी केली तर तो आवाज वाक्याच्या मध्येच थांबेल. हे कळणे इतके निश्चित होते की तिने लेखणी कागदावर टेकवली नाही.

"मला हे वाक्य बदलता येईल का?" तिने विचारले. "हे खरं नाही."

बाईंनी भुवया उंचावल्या. "आपल्याकडे असं मूल राहतं?"

"राहतं."

मग अरुंधतीने छापलेल्या दोन वाक्यांवर एक सरळ रेघ ओढली. रेघेखाली तिने स्वतःच्या हाताने लिहिले, आणि लिहिताना तिला दिसत होते की अक्षर उभे उमटते आहे, गोल, सुटे: उर्जा आणि मैत्रेयी ही एकच मुलगी आहे. ती आमच्या घरी राहते. सवलत एकीचीच द्यावी. नावे दोन्ही असू द्यावीत. मग तिने स्वाक्षरी केली. पद्माकरला घरी जाऊन काय सांगायचे याचा तिने विचार केला, आणि लग्नानंतर बहुधा प्रथमच त्या विचाराने तिचे काही अडले नाही.

फ्राउ लिंडनर यांनी कागद वाचला. तो पुन्हा वाचला. "गेनाऊ," त्या म्हणाल्या. "खरं तर हेच आमच्यासाठी अधिक स्पष्ट आहे. नुसतं 'राहत नाही' म्हटलं असतं तर आम्हाला विचारावं लागलं असतं, की मग ते मूल गेलं कुठं." आणि त्यांनी शिक्का उमटवला.

पद्माकर रागावला, पण थोडाच. नवे पत्र तीन आठवड्यांनी आले, वाढीव रक्कम कापून घेतलेली, दंडाचा उल्लेख नसलेले. त्याने सुस्कारा सोडला आणि ते फाइलीत लावले. पण ते पत्र येण्याच्या आदल्या संध्याकाळी, अरुंधती जमिनीवर बसून दुसरा शंकू चिकटवीत होती तेव्हा, तो दारात उभा राहून बराच वेळ पाहत होता. साध्या तांबड्या कागदाचा तो शंकू, आणि त्यावर कापून चिकटवलेली देवनागरी अक्षरे: उर्जा.

"लोक विचारतील, दुसरी कुठाय म्हणून."

"सांगा, येते आहे मागून."

"अण्णांना फोटो पाठवायचाय, अगं."

"पाठवा की. दोन्ही शंकू दिसतील असा."

मग आत जाऊन त्याने दोन चॉकलेटे आणली आणि तांबड्या शंकूत टाकली. "मीच बोललो होतो म्हणे," तो म्हणाला, "दोघी मिळून राहा." ते बोलताना त्याचा स्वर विनोदाचा नव्हता.

शाळेचा पहिला दिवस शनिवारी होता. समारंभ संपला तेव्हा बारा वाजले होते. ऑगस्टचे ऊन थेट डोक्यावर होते, प्रांगणातील चेस्टनटच्या झाडाची सावली त्याच्या बुंध्यापाशी गोळा होऊन बसली होती, आणि एकेक कुटुंब छायाचित्रे काढून घरी निघत होते. मुलगी दोन्ही शंकू कवेत घेऊन झाडापर्यंत चालत गेली. तांबडा शंकू तिने बुंध्याला टेकवून ठेवला. मग थोडी मागे सरली, पाहिले, आणि तो बोटभर उजवीकडे सरकवला, कोणाच्या तरी हाताशी नीट यावा तसा. पद्माकरने फोन उचलला.

"थांब की बाबा," मुलगी म्हणाली. "तिला पन येऊ दे मधी."

पद्माकरचा हात खाली आला. सव्वा वर्षानंतर ती त्यांच्याशी त्या भाषेत बोलली होती, आणि बोलल्याचे तिला काही विशेषही वाटले नव्हते. अरुंधती तिच्याजवळ जाऊन गुडघ्यांवर बसली. उन्हाने तापलेल्या फरशीची ऊब साडीतून लागत होती. मुलीने आपला लहानसा, घामेजलेला हात तिच्या हनुवटीखाली धरला आणि तिचा चेहरा झाडाकडे वळवला. आधी त्या ठळक तांबड्या शंकूकडे, आणि मग त्याच्यापासून किंचित वर, जेथे काहीच नव्हते.

"ही बघ उर्जा. दिसली का?"

बुंध्यापाशी पांढरे, थरथरणारे ऊन होते. अरुंधती पाहत राहिली. दूर कोठे तरी शाळेचे दार मिटल्याचा आवाज झाला.

"आन् आई," मुलगी हळू आवाजात म्हणाली, "तिचा हात धरून उभी हाय, ती बाई कोन? तुझ्यावानीच दिसायलीय. पन मान वर करून आभाळाकडं बघायलीय."

अरुंधतीने डोळ्यांवर हाताची सावली धरली नाही. दुपार भरली होती, आकाशात एकही तारका नव्हती, आणि कोणी तिला हो म्हणायला सांगितले नव्हते.

"दिसली," ती म्हणाली.